उजवा कान थोडा धूसर

देविदास गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलोच होतो. आदल्या आठवड्यात तो माझा व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं स्टीलचं साधन, 'दोन दिवसांत देतो' म्हणून घेऊन गेला होता. मी फोनवर आठवण करून दिली, तर 'देतो न, पळून चाललो का मी' असं उत्तर मिळालं. त्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याला काय काय ऐकवायचं याची माझी मनात जुळवाजुळव चालली होती, तेवढ्यात त्याच्याच नंबरवरून फोन आला. मी उचलल्या उचलल्या म्हणालो, "झाली वाटतं आठवण." पलीकडे रत्नमालावहिनी होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले. झोपेतच..." खरं सांगतो, पहिल्यांदा दुःख झालं नाही, राग आला. आम्ही दोघं कित्येक वर्षं जुळवत असलेला कॅमेरा त्याच्या टेबलावर उघडा, त्याचे स्क्रू बशीत, भिंगं फडक्यात गुंडाळलेली, आणि हा माणूस निघून गेला. अर्ध्यावर काम टाकणाऱ्या माणसांना त्यानं आयुष्यभर नावं ठेवली होती.

आता याला काही आठवडे झाले. राग अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे या लेखात तो दिसला तर वाचकांनी समजून घ्यावं.

देविदास मेश्राम मूळचा भंडाऱ्याकडचा. तरुणपणी पुण्यात आला, एका स्टुडिओत डार्करूममध्ये उमेदवारी केली आणि नव्वद सालानंतर कधीतरी बिबवेवाडीत एका इमारतीच्या जिन्याखाली स्वतःचं दुकान थाटलं. दुकान कसलं, खोपटंच. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, समोर तिकाटण्यावर एक राखाडी ठोकळा. त्या ठोकळ्याला चार डोळे होते, म्हणजे चार भिंगं. एकदा बटण दाबलं की एकाच कागदावर चार सारखे चेहरे उमटायचे. कागदाची शेपटी धरून तो ओढून काढायचा, मिनिटभर थांबायचं, वरचा पापुद्रा सोलायचा, की ओलसर चकचकीत फोटो तयार. बाहेर पाटी होती, 'पासपोर्ट फोटो एका मिनिटात.' त्याखाली त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं, 'एक मिनिट म्हणजे एक मिनिट. झाला का, झाला का, असे विचारू नये.' भंडाऱ्याहून आलेला माणूस इतक्या लवकर पुणेकर झालेला मी दुसरा पाहिला नाही.

आमची ओळख भांडणानंच झाली. मी सातारा रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचो, हत्यारांची, साच्यांची. कारखान्याच्या नव्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून त्याच्याकडे गेलो. त्यानं कॅमेऱ्याला बांधलेली सुतळी माझ्या नाकापर्यंत ताणली. त्या सुतळीच्या गाठीवर नाक आलं की अंतर बरोबर, ही त्याची पद्धत. मग म्हणाला, "हसू नका. मान सरळ. उजवा कान दाखवा." मी म्हटलं, "दाखवतोय की." तो म्हणाला, "दिसून नाही राहिला." आता माझा उजवा कान जन्मापासूनच डोक्याला जरा चिकटलेला आहे, त्याला मी काय करणार? पण पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत हा त्याचा धर्म होता, मग तो फोटो पासपोर्टला जावो नाहीतर कारखान्याच्या फाटकावरच्या खिडकीत. त्यानं माझ्या कानामागे कापसाचा बोळा खोचला आणि मग फोटो काढला. मी घरी येईपर्यंत त्याला शिव्या घातल्या. पुढच्या आठवड्यात चहा प्यायला त्याच्याच दुकानात गेलो.

ते दिवसही तसेच होते. प्रत्येक चौकात संगणकाचा क्लास निघत होता. ज्यांच्या सात पिढ्यांनी कात्रजचा घाट ओलांडला नव्हता त्यांची मुलं अमेरिकेच्या व्हिसाच्या गोष्टी करत होती. देविदासच्या दुकानापुढे रांग लागायची. फॅक्टरीतल्या फिटरचा मुलगा, शिक्षिकेची मुलगी, गावाकडून आलेले आणि अजून 'हाय' नि 'न्हाय' बोलणारे इंजिनिअर... सगळे त्या स्टुलावर बसून, कान दाखवून, गेले. मी कधी कधी तिथे बसून बघायचो. एवढी माणसं त्याच्या समोरून गेली, पण त्याच्याकडे त्यांचं काहीच उरलं नाही. इतर फोटोग्राफरांकडे निगेटिव्ह राहते. या कागदाला निगेटिव्ह नाही. चार फोटो कापले, पाकिटात घातले, गिऱ्हाईक गेलं, विषय संपला. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "आपण काय त्याहिच्या आठवणी सांभाळाले बसलो का?" असं म्हणायचा.

आणि मग एक दिवस त्याच रांगेत त्याची मुलगी उभी राहिली. सुजाता, एकुलती एक. दोन हजार साल येणार म्हणून जगभरचे संगणक बिघडणार अशी हाकाटी होती, त्या गडबडीत तिला अमेरिकेत नोकरी मिळाली होती. दुकानात गर्दी, व्हिसाची घाई. देविदासनं तिला स्टुलावर बसवलं, सुतळी नाकाला लावली, "हसू नको, कान दाखव" म्हणाला, बटण दाबलं, "उठ, पुढचे या." मी तिथेच होतो. पोरीनं एकदा वळून बघितलं. हा दुसऱ्याच्या नाकाला सुतळी लावत होता. त्या चारातले तीन फोटो कागदपत्रांना लागले. उरलेला चौथा त्यानं काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवला आणि तो पुढे वर्षानुवर्षं तिथेच पिवळा पडत राहिला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कारखान्यात संगणकावर ड्रॉइंग काढायला सुरुवात झाली, माझा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला गेला आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. 'स्वेच्छा' हा शब्द ज्यानं तिथे घातला त्याचा सत्कार करायला हवा. देविदासच्या शेजारी डिजिटल फोटोचं दुकान आलं. त्याच्या कॅमेऱ्याची फिल्म आधी महागली, मग मुंबईहून मागवावी लागली, मग मिळेनाशीच झाली. त्यानं दुकान दुसऱ्याला चालवायला दिलं. काउंटर, स्टूल, पडदा आणि तो चार डोळ्यांचा ठोकळा घरी आणून पुढच्या खोलीत मांडला. वहिनींना पाहुणे बसवायला जागा उरली नाही.

सुजाता दर डिसेंबरला यायची. असंच एकदा येताना तिनं एक गुलाबी प्लास्टिकचा कॅमेरा आणला. आजकाल कॉलेजातल्या मुली लग्नाबिग्नात मिरवतात तसला. बटण दाबलं की वरून पांढऱ्या चौकटीचा फोटो बाहेर येतो आणि हळूहळू उमटतो. बापाला गंमत वाटेल म्हणून आणला बिचारीनं. बापानं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि ती आत चहा टाकायला गेली तेवढ्यात स्क्रू ड्रायव्हर आणून उघडला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. म्हणाला, "शरद, ही फिल्म आपल्या डब्यात बसवू."

मी विचारलं, "कशाला?"

तो म्हणाला, "सुजा गेली त्या दिवशी मी तिले पाह्यलंच नाही रे. तिचे कान पाह्यले फक्त... त्याच कॅमेऱ्यात, त्याच स्टुलावर तिचा एक फोटो काढतो. या टायमाले नीट पाहून काढतो." मी कागद-पेन्सिल काढली. "डिसेंबरपर्यंत होईल," तो म्हणाला.

तो कोणता डिसेंबर, हे मात्र तेव्हा विचारायचं राहून गेलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी या कॅमेऱ्याची गत झाली. जुनी फिल्म हातानं ओढायची असायची. नवी फिल्म दोन रुळांमधून एकसारखी दाबली जाऊन बाहेर यावी लागते, नाहीतर तिच्या पोटातलं रसायन सगळीकडे पसरत नाही. म्हणजे प्लास्टिकच्या कॅमेऱ्यातले रूळ आणि मोटर काढून जुन्याच्या पाठीला बसवायची. त्यासाठी मी ॲल्युमिनियमच्या पाटीचं ड्रॉइंग काढून दिलं, माझ्या जुन्या कारखान्यातल्या एका ओळखीच्यानं ती कापून दिली. मग मापं घेतल्यावर कळलं, नव्या कागदावर चार चेहरे मावत नाहीत, वरच्यांचे केस आणि खालच्यांच्या हनुवट्या उडतात. म्हणून दोन डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवली. मग मोटर उलटी फिरायला लागली. प्रत्येक वेळी हा मला स्टुलावर बसवायचा, सुतळी नाकाला लावायचा, कानामागे बोळा खोचायचा. बाकी कुणाला बसवायचा नाही. वहिनी म्हणायच्या, "माझा काढा की एखादा." हा म्हणायचा, "तुझा चांगला काढीन. सध्या चाचणी सुरू आहे."

एक सबंध वर्ष आमचे फोटो काळेकुट्ट आले. आम्ही मोटर बदलली, रूळ पुसले, भिंगं तपासली, एकमेकांची अक्कल काढली. शेवटी वहिनींनी फिल्मच्या खोक्यातला घडीचा कागद, जो यानं पहिल्याच दिवशी केरात टाकला होता आणि त्यांनी उचलून ठेवला होता, चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, "अहो, हिच्यात उजेड मागच्या बाजूनं जातो असं दिसतंय. तुम्ही पुढची बाजू भिंगाकडे करताय." तसंच होतं. जन्मभर त्यानं फिल्मचं तोंड भिंगाकडे केलेलं. या नव्या फिल्मला पाठ भिंगाकडे करून बसवायचं असतं, फोटो पलीकडच्या बाजूला उमटतो. काळ्या पिशवीत हात घालून, चाचपून, सवयीनं हा ती उलटी भरत होता. मी म्हटलं, "तो कागद आधी वाचला असतास तर?" तो म्हणाला, "वाचून तर कोणीही करते." या माणसाशी मी मैत्री का ठेवली, असा प्रश्न मला त्या दिवशीही पडला होता.

फिल्म सरळ बसली तर फोटो पांढरेफटक यायला लागले. नव्या फिल्मला उजेड फार थोडा पुरतो आणि याचा जुना फ्लॅश म्हणजे वीज पडल्यासारखा. भिंगापुढे काळसर काच लावायला हवी होती. त्यानं आधी वेल्डरची काच लावली, तीत मी दिसेनासा झालो. मग कात्रजच्या रस्त्यावर गॉगल विकणाऱ्याकडून गॉगल आणून त्यांच्या काचा कापल्या. त्यांतून मी हिरवा आलो. माझ्या घरी तो फोटो बघून नातवानं विचारलं, "आजोबा, तुम्ही आजारी आहात का?" दरम्यान डिसेंबर येत होते आणि जात होते. सुजाता येऊन पुढच्या खोलीत तो पसारा बघायची आणि म्हणायची, "बाबा, मोबाईलवर काढा ना." हा म्हणायचा, "मोबाईलवर माणूस हसते." आणि पुढच्या डिसेंबरचा वायदा करायचा. ती विमानात बसली की मला येऊन सांगायचा, "थोडक्यात राह्यलं."

गेल्या डिसेंबरात मात्र कॅमेरा झाला. मी म्हणतो झाला. सुजाता संध्याकाळी यायची होती. सकाळी त्यानं मला स्टुलावर बसवलं, बटण दाबलं, मोटर घरघरली आणि पांढरी चौकट बाहेर आली. आम्ही दोघं टेबलाशी वाकून बघत राहिलो. हळूहळू माझे दोन चेहरे शेजारी शेजारी उमटले. रंग बरोबर, उजेड बरोबर, सुरकुतीन् सुरकुती स्वच्छ. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो भिंग घेऊन बघत होता. म्हणाला, "या दुसऱ्या फोटोत उजवा कान थोडा धूसर आहे."

मी म्हटलं, "अरे, माझा कानच तसा आहे. चिकटलेला."

"पहिल्यात साफ आहे, दुसऱ्यात नाही. पाटी एका बाजूनं केसभर कलली आहे."

"कुणाला दिसणार आहे ते? वेडा आहेस का तू? पोरगी संध्याकाळी येतेय."

"मले दिसून राहिलं न," तो म्हणाला आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. माझ्यासमोर. मी त्याचा हात धरला, चार शब्द सुनावले, पाचवा जरा वाईटच होता, आणि तरातरा घरी निघून आलो. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. सुजाता आली तेव्हा कॅमेऱ्याचे तुकडे टेबलावर होते. तिनं आल्या आल्या साडी नेसली, मुद्दाम, फोटोसाठी. ती स्टुलावर बसून राहिली आणि हा लग्नपत्रिकेच्या बारीक पट्ट्या कापून पाटीखाली सारत राहिला, कारण पाटीला टेकू द्यायला तो जाड पुठ्ठा त्याला बरा वाटायचा. शेवटी ती उठली. "बाबा, राहू दे," म्हणाली, आणि आत जाऊन साडी बदलून आली. आठ दिवसांनी परत गेली. नंतर त्यानं कॅमेरा जोडला, उघडला, पुन्हा जोडला. उन्हाळ्यात माझा व्हर्नियर घेऊन गेला. आणि मग तो फोन.

सुजाता दुसऱ्या दिवशी पोचली. पुढे पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हॉल माणसांनी भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, लोक चांगलं बोलले. फुलांमध्ये देविदासचा फोटो होता, कुणाच्या तरी लग्नात मोबाईलवर काढलेला, मोठा केलेला. त्यात तो खदखदून हसत होता, मान वाकडी, आणि एक कान शेजारच्याच्या फेट्यामागे गेलेला. त्यानं स्वतः हा फोटो एका नजरेत नापास केला असता.

परत जायच्या आदल्या दिवशी सुजातानं मला बोलावलं. पुढच्या खोलीत सगळं तसंच होतं. टेबलावर माझा व्हर्नियर, बशीत स्क्रू. ती म्हणाली, "काका, हा तुम्हाला जोडता येईल?" मला न जोडता यायला काय झालं होतं? पाटी माझी, मापं माझी. त्यानं सारलेल्या पट्ट्या सुट्या होऊन पडल्या होत्या, कुठली कुठे होती ते कळेना. मी त्या बाजूला ठेवल्या आणि कॅमेरा डिसेंबरात होता तसा जोडला. माझ्या मते तेव्हा तो बरोबरच होता. खोक्यात एकच फिल्म उरली होती. मी तिची पाठ भिंगाकडे केली, दोनदा चाचपून बघितलं. सुजाता साडी नेसून आली. या वेळी आईची होती, पांढरी. ती स्टुलावर बसली. मी सुतळी तिच्या नाकापर्यंत ताणली. तोंडून आपोआप आलं, "हसू नकोस. कान दाखव." तिनं केस मागे घेतले. पण मी लगेच बटण दाबलं नाही. आधी तिच्याकडे नीट बघितलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. सुजाताचं कपाळ बापाचं, हनुवटी आईची, केसांत पांढरं आलेलं, डोळे भरलेले आणि तरी हुकमाप्रमाणे न हसणारी... हे बघण्याचं काम माझं नव्हतं. ज्याचं होतं तो केसभर कललेल्या पाटीपायी ते करायचं ठेवून गेला होता. एवढा राग मला त्याचा कधीच आला नव्हता. मी बटण दाबलं.

फोटो टेबलावर ठेवून आम्ही तिघं वाकलो. दोन सुजाता हळूहळू वर आल्या. पहिली स्वच्छ. दुसरीही स्वच्छ, आणि मी देविदासचं भिंग घेऊन बघितलं... दुसरीचा उजवा कान थोडा धूसर होता. तिचे कान काही डोक्याला चिकटलेले नाहीत.

मी त्याच्या छोट्या कात्रीपट्टीवर फोटो मधोमध कापला, तो कापायचा तसा, आणि चांगला अर्धा तिच्यापुढे केला. तिनं माझ्या दुसऱ्या हाताकडे बघितलं. "तो द्या," ती म्हणाली. मी म्हटलं, "हा जरा बिघडलाय, बाळा." ती म्हणाली, "माहितीय. बाबांनी नापास केला असता, तोच द्या." तो तिनं पर्समध्ये ठेवला. चांगला अर्धा वहिनींनी काउंटरच्या काचेखाली, जुन्या पिवळ्या फोटोच्या शेजारी सरकवला. कॅमेरा सुजातानं माझ्याकडे दिला आणि ती गेली.

आता तो आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. तसाच शोभेला ठेवायचा असं मी ठरवलं होतं, चार दिवस ठेवलाही. मग स्क्रू काढले. व्हर्नियरनं मोजलं तर पाटी खरंच एका बाजूनं केसभर खाली आहे. भांडायला आता तो नाही, त्यामुळे हे कुणाजवळ कबूलही करता येत नाही. पुण्यानुमोदनाची पत्रिका बऱ्यापैकी जाड कागदाची होती, तिच्या पट्ट्या कापून सारून बघतोय. दोन पट्ट्यांनी जास्त होतं, एकीनं कमी पडतं. नवी फिल्म मागवली आहे. काल ताटं कुठे मांडायची म्हणून ही वैतागली. म्हणाली, "अहो, हे टेबल रिकामं कधी होणार आहे?"

मी मान वर न करता म्हणालो, "डिसेंबरपर्यंत होईल."